कमर पकडली गेलीय, आता काय करू?

मागच्या अंकात गुडघ्यांबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की कमरेचं काही असेल तर विचारा, तर संपादकांनी मेसेज आणि हाताने लिहिलेली पत्रं मिळून एक गठ्ठाच पाठवून दिला. सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, इंदुरातली एक वस्ती सुटली नाही. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, थोडी निवडलीत, नावं काढून टाकलीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा. आणि एक मेसेज असा होता की अंक निघेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं, त्याचं मधे सांगते.

ताई, वय ५३, घरीच असते. हळदीकुंकवासाठी माळ्यावरून पितळेची भांडी काढत होते, वाकले आणि कमर अशी पकडली गेली की तिथेच खाली बसले. यांनी लगेच पलंगावरून उठवून जमिनीवर फळी टाकली, आज आठवा दिवस मी त्यावरच आहे. उठायला गेलं की जास्त दुखतं म्हणून परत पडते. सासूबाई म्हणतात ओळखीचे पहलवान आहेत ते एका झटक्यात बसवून देतील, मुलगा म्हणतो आधी एमआरआय. कोणाचं ऐकू?

वहिनी, आधी त्या फळीवरून उठा. (निरोप तुम्हाला फोनवर दिलाच आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय, कारण अशी फळी अर्ध्या इंदुरात निघते.)

आपल्याकडे कमर पकडली जाते, पुण्याकडे उसण भरते, कोणी चमक म्हणतं कोणी लचक, पण गोष्ट एकच. कमरेचे स्नायू आणि सांधे अचानक ताणले जातात, शरीर घाबरून त्या जागेला घट्ट आवळून धरतं, आणि ते आवळणंच इतकं दुखतं की माणसाला वाटतं आत काहीतरी तुटलं किंवा सरकलं. बहुतेक वेळा असं काहीच झालेलं नसतं. तुमच्या बाबतीत मी फोनवर विचारलं, ताप नाही, पडल्या नाहीत, दुखणं पायात उतरत नाही, मुंग्या नाहीत, लघवी-संडास नीट आहे, वजन उतरलेलं नाही. मग हे साधं कमरेचं दुखणं, आणि कमर दुखणाऱ्या शंभरातल्या नव्वदेक लोकांचं असंच साधं असतं.

आता पडून राहण्याचं. आमच्या शिक्षणाच्या वेळेपर्यंत डॉक्टर स्वतःच लिहून द्यायचे, आठ दिवस संपूर्ण विश्रांती, त्यामुळे भाऊजींचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला, सगळ्यांची कमर नुकतीच धरलेली. काहींना दोन दिवस पलंगावर झोपवलं, काहींना कमरेचे व्यायाम दिले, आणि तिसऱ्या गटाला सांगितलं की सोसवेल तेवढी रोजची कामं करत राहा बस. सगळ्यात लवकर बरे झाले ते तिसरे. झोपलेले सगळ्यात मागे राहिले, आणि ते दोनच दिवस झोपले होते, तुम्ही आठ! पडून राहिलं की स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात, मग उठताना जास्त दुखतं, जास्त दुखतं म्हणून माणूस परत पडतो, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

उठायचं कसं ते सांगते कारण तिथेच सगळ्यांची चूक होते. सरळ उताणं असताना मान उचलून उठायचं नाही. गुडघे दुमडा, पूर्ण अंगाने एका कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि त्याच वेळी हाताने जोर देऊन वर या. पलंगावर झोपा, जमिनीवरून उठणं उगाच शिक्षा आहे. मग घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, दर तासाला, दुखलं तरी. थोडं दुखेल, दुखणं म्हणजे नुकसान नाही हे डोक्यात पक्कं बसवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमधे गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, पहिल्या आठवड्यात शेकाने खरंच बरं वाटतं. ओट्याशी उभं राहून काम करताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. पोळ्या करा पण वीसच्या जागी आठ करा, बाकीच्या घरातलं दुसरं कोणीतरी करेल किंवा पोहे खातील, आपल्या गावात पोह्यांनी अजून कोणी उपाशी राहिलेलं नाही.

गोळीचं विचारतात सगळे. पॅरासिटामॉलवर ऑस्ट्रेलियात मोठा अभ्यास झाला, २०१४ मधे छापून आला, नुकत्याच धरलेल्या कमरेत गोळी घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. म्हणजे काय ते तुम्हीच समजा. सूज-दुखण्याच्या ज्या गोळ्या असतात, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, त्यांनी थोडा फरक पडतो, पण पोट, किडनी आणि बीपी बघून, डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. मेडिकलवाल्याला विचारून नाही.

राहिले पहलवान. मालिश करून देत असतील तर माझी काही हरकत नाही, हलक्या हाताच्या मालिशने बरं वाटतं. पण झटका नको. बसवायला आत काही सरकलेलं नाहीये मुळात, आणि तुमचं वय ५३, पाळी जाऊन काही वर्षं झालेली, या वयात बायकांची हाडं आतून पोकळ व्हायला लागलेली असू शकतात आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही. कट्ट आवाज आला म्हणजे बसलं असं नाही, तो आवाज सांध्यातल्या हवेचा, बोटं मोडताना येतो तोच.

एमआरआय आत्ता नको. का नको ते पुढच्या उत्तरात. चार ते सहा आठवड्यांत बहुतेकांचं बरंच कमी होतं, तोवर काहीच फरक नसेल तर दाखवा.

मी ३६ वर्षांचा, सुपर कॉरिडॉरवर आयटीत आहे. चार महिन्यांपासून कमर दुखते, पायात नाही जात. एमआरआय काढला तर रिपोर्टमधे एल ४-एल ५ आणि एल ५-एस १ ला डिस्क बल्ज, डिस्क डिसिकेशन, डिजनरेटिव्ह चेंजेस असं सगळं आलंय. एका ठिकाणी सांगितलं की जपलं नाही तर ऑपरेशन. जिम सोडली, बाईक सोडली, तीन वर्षांच्या मुलीला उचलणं सोडलं. बेल्ट दिवसभर असतो. माझी गादी सरकलीय का?

दादा, तुमचा मेसेज मी तीनदा वाचला आणि मला दुखण्यापेक्षा त्या 'सोडलं सोडलं सोडलं'चंच जास्त वाईट वाटलं.

रिपोर्टमधले शब्द घाबरवणारे असतात कारण ते रेडिऑलॉजिस्टने डॉक्टरसाठी लिहिलेले असतात, तुमच्यासाठी नाही. एल ४-एल ५ वगैरे म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांचे नंबर. डिसिकेशन म्हणजे मणक्यांमधल्या गादीतलं पाणी कमी होणं. डिजनरेटिव्ह म्हणजे वयाच्या खुणा. बल्ज म्हणजे गादी कडेने थोडी फुगलेली, सरकलेली नाही, ती दोन मणक्यांना इतकी पक्की चिकटलेली असते की साबणासारखी सटकून जाऊच शकत नाही. १९९४ साली अमेरिकेत ९८ अशा लोकांचा एमआरआय काढला ज्यांना कमरेचं दुखणं नव्हतंच. त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे बल्ज निघाला. सगळ्या गाद्या एकदम ठीक असणारे फक्त ३६ टक्के. म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत संध्याकाळी जी गर्दी असते ना, तिच्यातल्या धडधाकट माणसांना धरून धरून मशीनमधे घातलं तर अर्ध्याअधिकांच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट येईल, आणि ते निवांत शिकंजी पीत असतील. वीस-पंचविशीच्या दुखणं नसलेल्या पोरांमधेही साधारण तीस टक्क्यांना बल्ज दिसतो. डोक्यावर पांढरा केस दिसला म्हणून डोकं दुखतंय असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

म्हणून मी एमआरआयला घाई करू नका म्हणते, पैसे वाचवायला नाही. एकदा तो कागद हातात आला की माणूस कमर काचेची असल्यासारखा वागायला लागतो.

ऑपरेशन कधी, तर पायाची ताकद कमी होत चालली असेल, किंवा लघवी-संडासावरचा ताबा जात असेल, किंवा नस दबून पायात उतरणारं असह्य दुखणं दीड-दोन-तीन महिने सगळं करूनही हटत नसेल तेव्हा. तुमच्यात यातलं काहीच नाही. आणि सायटिकावाल्यांसाठी, म्हणजे असं पायात उतरणारं दुखणं असलेल्यांसाठी पण सांगून ठेवते, नेदरलँड्समधे २८३ पेशंटवर अभ्यास झाला, २००७ चा, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचं पाय दुखणं लवकर थांबलं हे खरं, थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागलंसुद्धा, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते. म्हणजे वेळ असतो, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला तरी नक्कीच असतो.

बेल्ट काढा. एकदम नाही तर आठवड्याभरात काढा. आणि इथे मला माझ्याच बिरादरीबद्दल बोलायला पाहिजे. डिसेंबर २०२३ मधे जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कमरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बेल्ट, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड मशीन, टेन्सचे करंट, हे सगळं सरसकट देऊ नका असं लिहिलंय. आम्ही फिजिओंनी वर्षानुवर्षं हेच केलं. मी स्वतः लोकांना वजनं लटकवून ट्रॅक्शनवर झोपवलंय, दहा सिटिंगचं पॅकेज, आणि पेशंट खूश कारण काहीतरी मशीन लागलं. व्यायाम शिकवायला अर्धा तास लागतो आणि पेशंट म्हणतो ताईंनी काही केलंच नाही, नुसतं मलाच करायला लावलं.

तर आता तुम्हालाच करायला लावते. चालण्यापासून सुरुवात करा. २०२४ मधे ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, ७०१ लोक, सगळ्यांची कमर दुखून नुकतीच बरी झालेली. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यातले पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत, त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांतच परत आलं. फुकटचं औषध आहे. मेघदूत असो, नेहरू पार्क असो, पिपल्यापाला असो, सकाळी दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. त्यासोबत पूल, म्हणजे उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलायची, दहा वेळा. मग हातापायांवर ओणवं होऊन विरुद्ध बाजूंचा एक हात आणि एक पाय, म्हणजे उजवा हात तर डावा पाय, लांब करायचा, श्वास न रोखता. मार्जारासन तुम्हाला येतच असेल. तीन-चार आठवड्यांनी जिम परत, आधीच्या निम्म्या वजनाने. ऑफिसात कशी खुर्ची पाहिजे विचारलंय, तर खुर्चीवर तीस हजार घालण्यापेक्षा दर चाळीस मिनिटांनी उठा, सगळ्यात चांगली बसण्याची पोझिशन म्हणजे पुढची पोझिशन.

आणि मुलीला उचला. आजच. जवळ घ्या, गुडघ्यातून वाका, छातीशी धरून उठा. १४-१५ किलोची पोर तुमची कमर मोडणार नाही.

तो मेसेज

हा मी छापत नाही, फक्त काय लिहिलं होतं ते सांगते. ४४ वर्षांचे गृहस्थ, बायकोच्या भावाने टाइप केला होता. आधी एका पायात जाणारं दुखणं दोन दिवसांत दोन्ही पायांत आलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसतो त्या जागेला बधिरपणा, आणि सकाळपासून लघवी होत नाहीये, जोर लावावा लागतोय. विचारलं होतं की कोणता व्यायाम करू.

कोणताच नाही! त्याच मिनिटाला फोन केला आणि ताबडतोब कॅज्युअल्टीत पाठवलं. मणक्याच्या शेवटी नसांचा जो झुपका असतो तो दबला की असं होतं, आणि मग हिशोब दिवसांचा नाही, तासांचा असतो, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी एमवाय या सरकारी हॉस्पिटलात न्या, जवळ मोठं खाजगी हॉस्पिटल असेल तर तिथे न्या, पण सकाळी बघू म्हणू नका. पुढे काय झालं ते त्यांच्या घरचं आहे, इथे लिहीत नाही.

याशिवाय कमरेसोबत ताप येतोय, संध्याकाळी अंग कसकसतं, वजन उतरतंय, रात्री झोपूनही दुखणं थांबत नाही, तर मालिश-शेक बाजूला ठेवून डॉक्टर. आपल्या देशात मणक्याचा टीबी अजून भरपूर आहे, खोकला नसतानाही होतो, आणि वेळेवर कळला तर गोळ्यांनी बरा होतो. आधी कधी कॅन्सर झालेला असेल, किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असतील, तरी वाट बघू नका.

वय २६, मुलगा. वर्षभरापासून कमर दुखते पण उलटंच आहे, आराम केला की वाढते. सकाळी तासभर लाकडासारखी असते, पहाटे तीन-चारला जाग येते, क्रिकेट खेळलो की मोकळी होते. घरचे म्हणतात मोबाइल कमी कर.

मोबाइल कमी कर ते ठीक आहे पण हे मोबाइलचं नाही वाटत मला. कमी वयात सुरू झालेलं, तीन महिन्यांच्या वर चाललेलं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेलं, विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं, हे सूजेचं दुखणं असू शकतं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या घराण्यातलं. तुझ्यासाठी माझ्याकडे किंवा हाडांच्या डॉक्टरकडे नाही, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. टाचा दुखतात का, डोळा कधी लाल होऊन दुखला का, घरात कोणाला सोरायसिस किंवा असंच कमरेचं आहे का, हे त्यांना सांग. ते एचएलए-बी २७ ची रक्ततपासणी आणि कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआय सांगू शकतात, इथे एमआरआयचा खरंच उपयोग आहे. रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग आहेच असं नाही, निगेटिव्ह आली म्हणून सुटलास असंही नाही, ते डॉक्टर ठरवतील. या रोगात लोकांची वर्षं वाया जातात निदान होण्यात, आणि तोवर कणा ताठ होत जातो. क्रिकेट बिलकुल सोडू नकोस.

आजी ७१ वर्षांच्या, बीपी-शुगर आहे. सात-आठ महिने रोज एक पेनकिलर घेतात, शिवाय ओळखीतून आलेली एक पुडी, तिने 'जादू' होते म्हणतात. गेल्या पंधरवड्यात बाथरूममधे घसरून बसल्या, तेव्हापासून उभं राहिलं की पाठीच्या मधे जबर दुखतं. नातीने लिहिलंय.

बेटा, आधी एक्सरे. आजच्या आज. आजींच्या वयात असं बसल्या बसल्या घसरूनही मणका चेपला जातो, हाडं ठिसूळ असली की. मणका चेपला असेल तर माझे व्यायाम नंतर, आधी हाडांचं औषध, आणि डेक्सा म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी असते ती डॉक्टरांना विचार.

दुसरं, त्या पुडीची जादू मला आवडलेली नाही. बिनलेबलच्या अशा पुड्यांमधे पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर दुखणं गायब होतं, आणि त्याच स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात आणि शुगर वाढते. पण घाबरून एकदम बंद करू नका! बरेच महिने स्टिरॉइड पोटात गेलेलं असेल तर अचानक बंद केल्याने तब्येत बिघडू शकते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, लाजू नका, ते कमी करत करत बंद करतील. रोजच्या पेनकिलरचंही त्यांना सांग, बीपीच्या गोळ्या चालू असताना महिनोन्महिने ती घेतली की किडनीवर येतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. शेकताना आजींना नको ठरवू देऊस किती गरम, शुगरवाल्यांना चटका लवकर कळत नाही, पिशवी आधी तू तुझ्या मनगटावर लावून बघ.

गादी कडक पाहिजे की मऊ? घरात यावरून भांडण आहे.

दोघंही हरलात. स्पेनमधे ३१३ कमरदुखीवाल्यांना नव्वद दिवस झोपवून बघितलंय, २००३ मधे, एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाले जास्त सुखात होते. कापसाची गादी दरवर्षी पिंजून घेत असाल तर नवीन घेण्याची गरज नाही.

दोन महिन्यांपूर्वी कमर धरली होती, आता महिनाभर काहीच नाही, रोज चालतो. येत्या रंगपंचमीला गेरमधे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, जाऊ का? बायको नको म्हणते. वय ४८.

जा की. राजवाड्याला उभं राहून कोणाची कमर गेली असं मी अजून तरी ऐकलं नाही. फक्त तीन-चार तास एकाच जागी खांबासारखे उभे राहू नका, चालत्या गर्दीबरोबर चालत राहा, पोराला किंवा भाच्याला खांद्यावर घेऊ नका, आणि रंगाच्या पाण्याने रस्ता साबणासारखा झालेला असतो तर चपला नको, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. टँकरच्या माऱ्यासमोर मुद्दाम पाठ करून उभे राहतात काही लोक, ते करू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि दुसऱ्या दिवशी थोडी आखडली तर फळी काढू नका, चालायला जा. वहिनींना हे उत्तर दाखवा, आणि त्यांनाही घेऊन जा.